शेवंतीच्या काश्या: कोणत्या झाडाच्या, कोणाच्या रानातल्या आणि कधी



आजचा मेसेज लांब आहे. एका दमात वाचून झाला नाही तर स्टार करून ठेवा आणि रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा. पण या आठवड्यात वाचाच. यातलं एक काम असं आहे की झाडावर फुलं असेपर्यंतच ते होतं, नंतर करताच येत नाही.

शेवंतीचे शेवटचे तोडे चालू आहेत. गेल्या आठ दिवसांत ज्यांचे ज्यांचे फोन आले त्यातल्या निम्म्यांनी एकच विचारलं, "काश्या काढायला घेऊ का?" माझं उत्तर एकच: अजून घेऊ नका. आधी कोणत्या झाडाच्या काढायच्या ते ठरवा.

*काशी म्हणजे नेमकं काय*

हे बहुतेकांना माहीत आहे, तरी नव्या सभासदांसाठी सांगते. शेवंती आपण एका हंगामाच्या पिकासारखी घेतो, पण ते झाड मुळात बहुवर्षीय आहे. फूल देऊन झालं की वरची काडी संपते, खालचा गड्डा जिवंत राहतो. त्या गड्ड्यातून जमिनीच्या आत आडवे फुटवे निघतात, थोडं अंतर जातात आणि वर डोकं काढतात. त्यांना स्वतःची मुळं फुटतात. हीच काशी. ती मूळ झाडापासून वेगळी करून दुसरीकडे लावली की नवं झाड तयार.

आता यात दोन गोष्टी आहेत आणि सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. पहिली, काशी म्हणजे बी नव्हे. बियाण्यात आई-बाप दोघांचं मिश्रण असतं, काशीत तसं काही नाही. मूळ झाड जसं, तशीच काशी. झाड चांगलं असेल तर चांगुलपणा जसाच्या तसा येतो, झाड रोगी असेल तर तो रोगही जसाच्या तसा येतो. बऱ्याच रोगांच्या बाबतीत बी ही चाळणी असते, काशीला तशी चाळणीच नसते.

दुसरी गोष्ट, शेवंती फार जोमानं फुटते. एका चांगल्या झाडाच्या बुडाशी दहा-पंधरा काश्या सहज दिसतात. त्यामुळे आपल्याला वाटतं की माल भरपूर आहे, काढा आणि लावा. पण माल भरपूर आहे म्हणूनच तर निवड करायला वाव आहे. हिशोब करून बघू.

लागवडीचं अंतर ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर धरलं तर एका गुंठ्यात साधारण ५६० झाडं बसतात. दहा गुंठ्यांना झाली ५,६००. त्यात नांगे भरायला आणि मरतुकीला म्हणून १५ टक्के जादा धरा, म्हणजे साडेसहा हजारांच्या आत-बाहेर काश्या लागतील. एका झाडाच्या फक्त आठ काश्या वापरण्याजोग्या निघतात असं धरलं तरी मूळ झाडं किती लागली? आठशेच्या आसपास. म्हणजे सध्याच्या रानातली दीड गुंठ्याएवढी झाडं.

दहा गुंठ्यांचं नवं रान दीड गुंठ्याच्या झाडांतून उभं राहतं. मग उरलेल्या साडेआठ गुंठ्यांतल्या काश्या घ्यायच्या कशाला? तरी आपण काय करतो, की एका कडेनं कुदळ लावतो आणि निघेल ते गाठोड्यात भरतो. त्यात रोगट, बुटकी, दुसऱ्या रंगाची, सगळी झाडं येतात. आणि पुढच्या दसऱ्याला बाजारात माल नेल्यावर व्यापारी म्हणतो, माल मिक्स आहे. भाव तिथंच तुटतो.

*या आठवड्याचं काम: चिंध्या बांधणे*

घरातली जुनी साडी फाडून बोटभर रुंदीच्या चिंध्या करा. रंग असा निवडा की हिरव्यात लांबून दिसेल. रानात फिरा आणि ज्या झाडाच्या काश्या घ्यायच्या त्याच्या काडीला चिंधी बांधा. खालून, जमिनीजवळ बांधा, कारण नंतर वरचं झाड छाटायचं आहे. वाईट झाडांना खूण करत बसू नका. फक्त चांगल्यांना करा. चिंधी नाही म्हणजे काशी नाही, हा नियम मजुरांना सांगायलाही सोपा जातो.

झाड निवडताना काय बघायचं? फुलाचा रंग आणि आकार आपल्या वाणासारखा असावा, मग ती राजा असो, झिप्री असो की पौर्णिमा. फुलं भरपूर आणि एका वेळी उमलणारी असावीत. पानं बुडापर्यंत बऱ्यापैकी हिरवी असावीत. हंगामाच्या शेवटी खालची चार-दोन पानं वाळतात, त्याला घाबरू नका. पण अर्धं झाड करपलेलं असेल तर ते सोडा.

इथे एक सावधगिरी. बांधाकडेची आणि पाटाच्या तोंडाजवळची झाडं नेहमी डोळ्यात भरतात. मोठी असतात, फुलं जास्त असतात. पण ती वाणाची करामत नाही. त्यांना एका बाजूला मोकळी जागा आहे, ऊन जास्त आहे, पाणी आधी मिळतं, म्हणून ती मोठी झाली. हा मोठेपणा काशीतून येत नाही. निवड रानाच्या आतल्या ओळींतून करा. चारही बाजूंनी शेजारी असताना जे झाड उठून दिसतं ते खरं चांगलं.

झाडाबरोबर त्याचे शेजारीही बघा. झाड उत्तम आहे पण लागून दोन झाडं सुकलेली आहेत, तर त्याला चिंधी बांधू नका. मातीतला रोग ओळीनं सरकतो. आज जे झाड ठणठणीत दिसतंय त्याच्या मुळात तो कदाचित शिरलेला असेल.

काहींनी फोटो पाठवलेत की एका झाडावर एकाच फांदीला वेगळ्या रंगाची फुलं आली, त्याच्या काश्या घेतल्या तर नवा रंग मिळेल का? शेवंतीत असा बदल अधूनमधून होतो, आणि जगात शेवंतीचे कितीतरी वाण असेच सापडलेले आहेत. पण तो बदल त्या फांदीत झालेला आहे, गड्ड्यात नाही. बुडातली काशी जुन्याच रंगाची निघण्याची शक्यता जास्त. तो रंग हवा असेल तर त्याच फांदीच्या फुटव्याचं छाट कलम करावं लागेल. हौस म्हणून करा, दहा-वीस झाडं करून बघा. दसऱ्याचं रान त्यावर लावू नका.

*ज्या झाडाला हात लावायचा नाही*

मर रोगाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान यानं होतं.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदानं शेजारच्या गावातून काश्या आणल्या. फुकट मिळाल्या. दिसायला हिरव्यागार, मुळं पांढरी. लागवड छान झाली, जूनपर्यंत रान बघत राहावं असं. जुलैच्या पावसानंतर एकेक झाड माना टाकायला लागलं. आधी एका बाजूची पानं पिवळी, मग सगळं झाड. दादांनी पाणी वाढवलं, कारण सुकतंय म्हणजे पाणी कमी पडतंय असं वाटलं. कळ्या धरायच्या वेळेला रानात मोठाले चट्टे पडले होते. फुकटच्या काश्यांवर ठिबक, खत, खुरपणी, फवारणी असा सगळा खर्च झालेला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता त्या रानात तो रोग मुक्कामाला आला.

मर रोगाची बुरशी मातीत राहते, आणि पीक नसतानाही बरीच वर्षं टिकून राहते. ती मुळातून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबवते. म्हणून ओल असतानाही झाड सुकतं. ओळखायचं कसं? संशयित झाडाची काडी जमिनीजवळ कापा आणि उभी चिरा. आतला भाग पांढरट-हिरवट असेल तर ठीक. सालीच्या आतल्या बाजूला तपकिरी रेघ वर चढलेली दिसली तर मर समजा. हे करायला पाच मिनिटं लागतात, फक्त एक कोयता लागतो. काश्या कुठूनही आणणार असाल, अगदी सख्ख्या भावाच्या रानातून, तरी तिथली पाच-सात झाडं अशी चिरून बघितल्याशिवाय आणू नका.

रानात मर मोठ्या प्रमाणात असेल तर त्या पूर्ण रानातली एकही काशी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. "चांगली चांगली बघून घेतो" हे मरच्या बाबतीत चालत नाही. काशीला लागून येणारी चमचाभर माती पुरते.

दुसरा प्रकार बुटक्या झाडांचा. चांगल्या झाडांच्या मध्येच एखादं झाड निम्म्या उंचीचं, पानं लहान, फूल लहान आणि बऱ्याचदा शेजाऱ्यांच्या आधी उमललेलं. आपल्याला वाटतं खत कमी मिळालं. कधी कधी तसंही असतं. पण शेवंतीला बुटकेपणाचा एक रोग आहे, तो विषाणूपेक्षाही लहान कणामुळे होतो, आणि त्याला औषध नाही. कोणी दुकानदार "हे मारा, बरं होईल" म्हणून बाटली देत असेल तर पैसे घालवू नका. हा रोग रसातून पसरतो. रोगट झाड कापलेला चाकू चांगल्या झाडाला लागला की पसरला. शेंडे खुडताना हातानंही पसरतो. त्यामुळे बुटकी झाडं आत्ताच मुळासकट उपटून रानाबाहेर न्या आणि जाळा. शेवटच्या तोड्याची चार फुलं गेली तर जाऊ द्या.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमी. त्या काश्याही नकोत.

*छाटणी आणि वाट बघणे*

शेवटचा तोडा झाला की चिंधी बांधलेली झाडं जमिनीपासून साधारण एक वीत ठेवून छाटा. खाली पडलेला पाला, वाळक्या फुलांचा कचरा उचलून घ्या, कारण करप्याची बुरशी त्या पाल्यातच राहते. हलकी खुरपणी करा, पण झाडाच्या अगदी बुडाशी खुरपं खोल घालू नका. काश्या आतल्या आत निघत असतात, त्यांचे कोंब तुटतात. ओंजळभर चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत बुडाशी द्या आणि पाणी द्या. ओलं शेण अजिबात नको, हुमणीला आमंत्रण आहे ते.

मग तीन ते पाच आठवडे वाट बघा. पाणी नियमित पण बेताचं. रान चिबडलं तर काश्या पिवळ्या पडतात. या दिवसांत मावा येतो, कोवळ्या शेंड्यांच्या मागे बघत चला. पहिल्या आठवड्यात निंबोळी अर्कावर भागतं.

मार्चमध्ये काही काश्यांच्या शेंड्यात बारीक कळी दिसेल. घाबरू नका. शेवंती रात्र मोठी असली की कळी धरते, आणि मार्चमध्ये रात्री अजून पुरेशा मोठ्या असतात. कळी दिसली की शेंडा खुडून टाका. फक्त ज्या काशीच्या सगळ्याच फुटव्यांना कळ्या लागल्यात ती घेऊ नका, ती पुढे जोमानं वाढत नाही.

*काढताना*

कोणती काशी घ्यायची: चार-पाच बोटं उंच, चार ते सहा पानांची, देठ भरीव, आणि खाली स्वतःची पांढरी मुळं असलेली. मुळाशिवायची काशी ओढून काढली तर तिला काशी म्हणू नका, ते छाट कलम झालं, त्याची सोय वेगळी करावी लागते.

जुन्या खोडाला अगदी चिकटून आलेल्या काश्यांपेक्षा थोड्या लांब, तीन-चार बोटं दूर निघालेल्या काश्या मला जास्त आवडतात. त्यांची मुळं ताजी असतात आणि जुन्या खोडाचा वाळलेला, कुजका भाग त्यांच्याबरोबर येत नाही. गड्ड्याचा मधला भाग लाकडासारखा झालेला असतो. तो तुकडे करून लावण्यात काही अर्थ नाही. फुटेल, पण रडत-खडत. गड्डा उचलला की बाहेरच्या काश्या वेगळ्या करा आणि मधला भाग टाकून द्या. काटकसर करायची ती इथे नाही.

आदल्या संध्याकाळी पाणी द्या म्हणजे सकाळी वाफसा मिळतो आणि माती सुटते. कोरड्या रानात ओढल्या तर मुळं तुटून जमिनीतच राहतात. खुरप्यानं बाजूनं माती सैल करा, काशी हातानं ओढू नका, खालून उचला. जिथं जोड आहे तिथं धारदार चाकूनं कापा.

चाकूबद्दल पुन्हा सांगते. एका बादलीत एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून ठेवा. दोन चाकू ठेवा, एक हातात, एक बादलीत. प्रत्येक झाड झालं की बदला. सॅनिटायझर किंवा स्पिरिटनं बुरशी, जिवाणू जातात, पण बुटकेपणाच्या रोगाला ते पुरत नाही. ब्लीचनं चाकू गंजतो, म्हणून काम संपलं की साध्या पाण्यानं धुऊन तेलाचा हात फिरवा. सुरुवातीला मजूर बायका हसतील, एवढं काय म्हणतील. अर्ध्या तासात हाताला सवय होते.

ऊन चढायच्या आत काढणं संपवा. काढलेल्या काश्या ओल्या गोणपाटात, सावलीत. उघड्या मुळांना दहा मिनिटं ऊन लागलं तरी बारीक मुळं मेली समजा, वरून काशी दिवसभर हिरवी दिसेल आणि लावल्यावर तिसऱ्या दिवशी मान टाकेल. मग आपण म्हणतो उन्हानं गेली. लावल्यानंतरच्या नाही, काढतानाच्या उन्हानं गेलेली असते ती.

लावण्याआधी खालची दोन पानं काढा, फार लांब मुळं दोन-तीन बोटांवर कापा, मुळांची माती पाण्यात विसळून टाका. मग मुळं बुडवायची. कार्बेन्डाझिम १० ग्रॅम १० लिटर पाण्यात, त्यात १० ते १५ मिनिटं. किंवा ट्रायकोडर्मा, १० ग्रॅम प्रति लिटर. दोन्हींपैकी एकच. दोन्ही एकत्र केलं तर बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाच मारतं, कारण तीही बुरशीच आहे. हातमोजे घाला, पाकिटावरची माहिती वाचा, उरलेलं द्रावण विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. आणि एक लक्षात असू द्या: हे बुडवणं बाहेरून चिकटलेल्या बुरशीसाठी आहे. काशीच्या आत शिरलेली मर यानं जात नाही. ते वर सांगितलेलं चिरून बघणं याला पर्याय नाही.

*सरळ रानात की आधी वाफ्यात?*

ज्यांचं रान तयार आहे ते म्हणतात, दोनदा लावण्याची मजुरी कशाला? मुद्दा बरोबर आहे. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात काशी मोकळ्या रानात लावायची तर मरतूक जास्त होते, आणि नांगे भरण्यात मजुरी जातेच. शिवाय मागून भरलेलं झाड मागेच राहतं, फूल मागे येतं. माझं मत वाफ्याच्या बाजूनं आहे.

गादीवाफा एक मीटर रुंद, एक वीतभर उंच. ज्या जागेवर मागच्या दोन-तीन वर्षांत शेवंती नव्हती अशी जागा. वर ५० टक्क्यांची शेडनेट किंवा तुरकाट्यांवर जुन्या साड्या. काश्या १० बाय १० सेंटिमीटरवर लावा. झारीनं पाणी. तीन-चार आठवड्यांत नवी मुळं आणि नवी पानं येतात. शेवटचे पाच-सहा दिवस सावली कमी करत न्या, म्हणजे रोपं उन्हाला तयार होतात. वाफ्यात एखादी काशी सुकली, बुटकी राहिली तर तिथंच बाद करता येते. म्हणजे दुसरी निवड आपोआप होते, आणि वाफ्याचा हाच फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

ज्यांच्या आसपास मर आहे पण स्वतःच्या रानात नाही, त्यांना आणखी एक सुचवते. वाफ्यातल्या काश्या थोड्या वाढू द्या आणि त्यांचे तीन बोटांचे शेंडे कापून कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये लावा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. शेंडा मातीला लागलेला नसल्यामुळे मातीतले रोग बरेचसे मागे राहतात. बुटकेपणा मात्र शेंड्यातूनही येतो, त्यामुळे मूळ झाडाची निवड इथेही सुटत नाही.

*रानातली लागवड*

रान हलकं ते मध्यम, पाण्याचा निचरा होणारं. काळ्या भारी रानात शेवंती पावसाळ्यात हमखास दगा देते. दुसरं रान नसेल तर उंच गादीवाफे करून लावा. सऱ्या दोन फुटांवर, झाडात एक फूट अंतर. लागवड संध्याकाळी, वरंब्याच्या बगलेत, जिथं ओल पोचते पण पाणी थांबत नाही.

खोली महत्त्वाची. वाफ्यात जेवढी मातीत होती तेवढीच रानात. आधारासाठी म्हणून खोल दाबली की देठ कुजतो, आणि वर ठेवली की मुळं उघडी पडतात. बोटांनी माती घट्ट दाबा, हलकं पाणी लगेच द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी. आठ-दहा दिवसांत नांगे भरून घ्या, नंतर भरू नका. पहिले दोन आठवडे युरिया देण्याची घाई नको, मुळं धरल्याशिवाय खताचा उपयोग नाही. खताचा डोस माती परीक्षणाचा अहवाल बघून वेगळा पाठवते. चार आठवड्यांनी शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूचे फुटवे येतात. त्यावरही वेगळा मेसेज येईल. एवढंच लक्षात ठेवा की खुडणी जितकी उशिरा, तितकं फूल उशिरा.

*"ताई, पाव्हण्याला नाही कसं म्हणायचं?"*

हा प्रश्न मला मीटिंगमध्ये एका आजोबांनी विचारला, आणि सगळे हसले, पण प्रश्न खरा आहे. काश्या ही आपल्याकडे विकायची वस्तू कमी आणि द्यायची-घ्यायची जास्त. पाव्हणा आला, रान आवडलं, दोन गाठोडी बांधून दिली. यात माया आहे, मी ती थांबवायला सांगत नाही. पण ज्याला दोन एकर लावायचंय आणि जो आपल्या शब्दावर लावतोय, त्याला रोगट रान दिलं तर नातं टिकत नाही. त्यापेक्षा सांगा, "आबा, यंदा माझ्या रानात मर दिसली, म्हणून देत नाही." खरं सांगितलेल्याचा राग दोन दिवस राहतो.

आणि घेणाऱ्यानंही मागताना लाजू नये. रान दाखवा म्हणावं, झाडं चिरून बघू म्हणावं. आणलेल्या काश्या पहिल्या वर्षी वेगळ्या तुकड्यात लावाव्यात, आपल्या काश्यांत मिसळू नयेत. काही निघालंच तर चार गुंठ्यांत निघेल.

कायद्याचंही काहींनी विचारलं. वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ चा आहे. त्यात शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं, आणि त्यात काश्यांसारखं लागवडीचं साहित्यही आलं, ठेवायला, पुन्हा लावायला, अदलाबदल करायला, विकायलाही मुभा आहे. फक्त संरक्षित वाणाच्या नावाचं लेबल लावून, पॅकिंग करून ब्रँड म्हणून विकता येत नाही.

*जुन्या रानाचं काय?*

काश्या काढून झाल्या की उरलेले गड्डे तसेच सोडू नका. खोडवा ठेवण्याचा मोह होतो, कारण लागवडीचा खर्च वाचतो. पण गर्दी होते, फूल लहान येतं, आणि रोग-किडींना वर्षभर घर मिळतं. गड्डे नांगरून वेचून काढा, उन्हाळ्यात रान तापू द्या. पुढची दोन-तीन वर्षं त्या रानात शेवंती नको. ज्वारी, बाजरी, मका असं काहीतरी घ्या.

निशिगंधवाल्यांनीही विचारलंय. तिथं गोष्ट वेगळी आहे, कंद असतात. तीन वर्षांचं रान झालं की गर्दीनं दांडा बारीक येतो, तेव्हा कंद काढायचे, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे निवडून सावलीत काही आठवडे विश्रांती द्यायची आणि एप्रिल-मेमध्ये लावायचे. गवती चहाचे ठोंब मात्र आत्ता फोडू नका, जूनचा पाऊस पडल्यावर फोडा, वरची पानं वीतभर ठेवून कापा. जरबेराचे गड्डे फोडून लावणारे थोडे आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलते.

ज्यांना झाडाबद्दल शंका आहे त्यांनी फोटो पाठवा, पण नुसता फुलाचा फोटो पाठवू नका. तीन फोटो हवेत: पूर्ण झाड शेजारच्या झाडांसकट, पानाची मागची बाजू, आणि काडी उभी चिरून आतला भाग. उजेडात काढा, फ्लॅश नको. फोटोखाली गाव, वाण आणि लागवडीचा महिना लिहा. रात्री आलेल्या फोटोंना मी सकाळी उत्तर देते.

पुढच्या मंगळवारी आणि बुधवारी मी रानं बघायला फिरणार आहे. ज्यांना चिंध्या बांधताना सोबत हवीय त्यांनी सोमवारी दुपारपर्यंत गटप्रमुखाकडे नाव द्या. एका दिवसात आठ-नऊ रानांपेक्षा जास्त होत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे मर किंवा बुटकी झाडं दिसली आहेत त्यांना आधी घेईन. आणि मी यायच्या आधी रान छाटून ठेवू नका, फुलं असू द्या.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी